८.६ सेकंद कुठे सांडले? बुद्ध सर्किटच्या प्रकल्प नोंदी

५ जानेवारी २०२५, रविवार

१६ फेब्रुवारीच्या ट्रॅक डेचे (स्वतःची गाडी शर्यतीच्या ट्रॅकवर चालवायचा दिवस) पैसे आज भरले. बुद्ध इंटरनॅशनल सर्किट घरापासून अर्ध्या तासावर आहे, यमुना एक्सप्रेसवेवरून जाता-येता त्याचं स्टँड दिसतं, पण चार वर्षं ग्रेटर नोएडात राहूनही मी तिथे स्वतः गाडी चालवलेली नाही. कॉम्प्युटरवरच्या खेळात मात्र हजारेक लॅप (ट्रॅकच्या पूर्ण फेऱ्या) झाले असतील.

प्रकल्प असा : माझी पोलो (एक लिटर टीएसआय, १९५/५५ आर १६ टायर) खऱ्या ट्रॅकवर आणि असेटो कोर्सा या खेळामध्ये, ड्रायव्हर एकच. दोन्हीकडची टेलीमेट्री (वेग, ब्रेक, थ्रॉटल यांची क्षणाक्षणाची नोंद) घ्यायची आणि ट्रॅकचे तुकडे पाडून शेजारी शेजारी ठेवायची. खेळातला वेळ कमी येणार हे आत्ताच माहीत आहे. तो का कमी येतो हे विचारलं की लोक "खेळात भीती नसते" एवढं बोलून विषय मिटवतात. मला ते पुरत नाही. सेकंद नेमके कुठल्या वळणावर सांडतात ते मला बघायचंय.

घरची मांडणी : बेल्टवर चालणारं व्हील, लोडसेलचं ब्रेक पेडल (किती खाली गेलं यापेक्षा किती जोरात दाबलं ते मोजतं), २७ इंची मॉनिटर. ट्रॅक हौशी मंडळींनी बनवलेला आहे, लेझर स्कॅन केलेला नाही. हा कच्चा दुवा आहे, तो तपासावा लागेल.

११ जानेवारी, शनिवार

कोल्हापूरहून भाच्याचा फोन. "मामा, व्हेटेलला हरवलं बघ मी!" त्याने फॉर्म्युला वनचा जुना खेळ 'एफ१ २०१३' काढून बुद्धवर टाइम ट्रायलमध्ये १:२२.८६४ लावलाय. फॉर्म्युला वन ड्रायव्हर सेबास्टियन व्हेटेलची इथली २०१३ ची पोल (पात्रता फेरीतला सर्वात वेगवान लॅप) १:२४.११९ होती. म्हणजे पोरगा सव्वा सेकंदाने पुढे.

त्याचा आनंद मोडायची इच्छा नव्हती, पण या प्रश्नातच माझा सगळा प्रकल्प आहे, म्हणून तासभर बोलत बसलो. टाइम ट्रायलमध्ये टायर झिजत नाहीत, टाकीत थेंबभर पेट्रोल असतं, ट्रॅक कायम स्वच्छ असतो. चुकलं की बटण दाबायचं, परत सरळ रस्त्यावर. व्हेटेलला शनिवारच्या दुपारी हातावर मोजण्याइतके प्रयत्न मिळाले, प्रत्येकाच्या आधी टायर तापवायचा लॅप, पुढे-मागे इतर गाड्या.

मग त्याला खरे आकडे लिहून पाठवले, इथेही ठेवतो. पोल : २०११ मध्ये १:२४.१७८, २०१२ मध्ये १:२५.२८३, २०१३ मध्ये १:२४.११९, तिन्ही व्हेटेलच्या. शर्यतीतले सर्वात वेगवान लॅप : २०११ मध्ये व्हेटेल १:२७.२४९, २०१२ मध्ये जेन्सन बटन १:२८.२०३, २०१३ मध्ये किमी रायकोनेन १:२७.६७९. हे तिन्ही लॅप शर्यतीच्या अगदी शेवटच्या, ६०व्या फेरीत लागले. २०१० पासून शर्यतीत मधे इंधन भरायला बंदी आहे, त्यामुळे गाडी सुरुवातीला जड आणि शेवटी सर्वात हलकी. रायकोनेनने तर शेवटाला नवे टायरही घातले होते.

एकच ट्रॅक, एकाच वर्षातल्या गाड्या, जगातले सर्वोत्तम ड्रायव्हर, आणि तरी शनिवारची पात्रता फेरी आणि रविवारची शर्यत यांत तीन सेकंदांचा फरक. खेळ आणि वास्तव यांची तुलना करण्याआधी वास्तवातला कुठला लॅप घेतोय ते ठरवावं लागतं.

१२ जानेवारी, रविवार

कालच्या बोलण्यातून एक गोष्ट डोक्यात राहिली. 'एफ१ २०११' हा खेळ सप्टेंबर २०११ मध्ये बाजारात आला आणि त्यात बुद्ध सर्किट होतं. पहिली खरी शर्यत ३० ऑक्टोबरला झाली. म्हणजे खऱ्या ग्रां प्रीचा एकही लॅप लागायच्या आधी घराघरांत या ट्रॅकचे लॅप टाइम लागले होते. आराखड्यावरून बनवलेला ट्रॅक.

आराखड्यात काय नव्हतं, तर शुक्रवारी पहिल्याच सरावात ट्रॅकवर कुत्रं आलं आणि लाल झेंडा दाखवून सराव थांबवावा लागला. गाड्या जातात त्या रेषेच्या बाहेर धूळ. आणि फेरारीचा ड्रायव्हर फेलिपे मासा : पात्रता फेरीत आठव्या वळणाच्या आतल्या नारिंगी कर्बवर (ट्रॅकच्या कडेचा उंचवटा) चढला आणि पुढचं सस्पेन्शन मोडलं. दुसऱ्या दिवशी शर्यतीत पुन्हा कर्बनेच त्याची गाडी बाद केली. खेळात मी तो कर्ब रोज खातो. व्हील थोडं थरथरतं, इतकंच.

२६ जानेवारी, रविवार

छोटी नोंद. मॉनिटर पुढे ओढला आणि दृष्टीचा कोन गणिताने येतो तेवढा केला. आधी तो खूप रुंद होता, त्यामुळे वेग जास्त वाटायचा आणि वळणं लांब. पहिले दोन दिवस नळीतून बघतोय असं वाटलं. तिसऱ्या दिवसापासून ब्रेक एकाच जागी पडायला लागला. वेळ फारसा सुधारला नाही, पण लॅपमागून लॅप सारखे येतात, आणि तुलनेसाठी तेच हवं.

२ फेब्रुवारी, रविवार

खेळातला पायाभूत वेळ पक्का केला : २:२९.८. साधारण २४० लॅपमधला सर्वोत्तम. ट्रॅकची ग्रिप (पकड) ऑप्टिमम म्हणजे १०० टक्के, गाडीत मी आणि पाच लिटर पेट्रोल.

८ फेब्रुवारी, शनिवार

आज कच्चा दुवा तपासला. उपग्रहाच्या चित्रावरून खऱ्या ट्रॅकचे वळणावार तुकडे मोजले आणि खेळातल्या तुकड्यांशी ताडले. बहुतेक जागा पाच-सहा मीटरच्या आत जुळतात. पण तिसऱ्या आणि चौथ्या वळणामधली लांब सरळ पट्टी, जी प्रत्यक्षात एक किलोमीटरहून थोडी जास्त आहे, ती खेळात ४० मीटर कमी भरली. माझी पोलो तिथे सरासरी दीडशेने जाते, म्हणजे जवळजवळ एक सेकंद खेळाने मला फुकट दिला होता.

हा घोळ नवा नाही. जर्मनीतल्या न्यूरबुर्गरिंगच्या नॉर्डश्लाइफे ट्रॅकवर मोटार कंपन्या वर्षानुवर्षं २०.६ किमीचा लॅप मोजत आल्या, कारण सुरुवातीच्या पट्टीचा तुकडा त्यात धरत नसत. पूर्ण लॅप २०.८३२ किमीचा. सव्वादोनशेहून थोडा जास्त मीटरचा फरक. त्यामुळे तिथला कुठलाही आकडा वाचताना आधी लांबी विचारावी लागते. १९८३ मध्ये स्टेफान बेलोफने पोर्शे ९५६ मधून ६:११.१३ लावला आणि तो ३५ वर्षं टिकला. २०१८ मध्ये टिमो बर्नहार्डने पोर्शे ९१९ हायब्रिड एव्होमधून ५:१९.५४६ लावला. बेलोफची गाडी शर्यतीच्या नियमांत बसणारी, बर्नहार्डची नियमांतून मुद्दाम मोकळी केलेली. आकडे शेजारी ठेवता येतात, पण त्यांच्यामध्ये काय काय बदललंय ते लिहिल्याशिवाय ठेवू नयेत.

१६ फेब्रुवारी, रविवार. ट्रॅक डे

पहाटे साडेपाचला निघालो, धुकं होतं. गेटवर स्क्रूटिनी (गाडीची तपासणी) : टोइंगचा हुक, बॅटरीची पकड, सीटखाली काही सैल आहे का. मी घरूनच सगळं काढून ठेवलं होतं, फक्त स्टेपनी राहिली. टायर थंड असताना ३२ पीएसआय. विंडस्क्रीनवर १० हर्ट्झचा (सेकंदाला दहा नोंदी घेणारा) जीपीएस लॉगर. ताशी १६५ ला हा लॉगर दर साडेचार मीटरला एक ठिपका देतो, मधलं गणिताने भरायचं.

पहिल्या सेशनमध्ये गाडी घेऊन बाहेर पडलो आणि पहिल्या वळणानंतरचा चढ लागला. खेळात मला माहीत होतं की तिसरं वळण चढावर आहे आणि पलीकडचं दिसत नाही. पण काचेतून नुसतं आभाळ दिसतं, पाठ सीटमध्ये रुतते आणि नाक वर गेलेल्या गाडीला वळवायचं असतं, हे मॉनिटरवर कधीच कळलं नव्हतं. पहिल्यांदा तिथे मी एक गिअर जास्तच खाली टाकला.

आणि तरीही, हे मला ठळक नोंदवायचंय, वाट ओळखीची होती. कुठल्या वळणाला कुठला गिअर, एपेक्स (वळणाचा सर्वात आतला बिंदू) कुठे, बाहेर पडताना गाडी कुठवर जाऊ द्यायची, सगळं हातात होतं. इन्स्ट्रक्टर शेजारी दोन लॅप बसले आणि म्हणाले, "आप पहले आ चुके हो यहाँ." मी सांगितलं, घरी आलोय. खेळाने मला खोटा ट्रॅक शिकवला नव्हता.

दुसऱ्या सेशनमध्ये चौथ्या लॅपला, लांब पट्टीच्या शेवटी ब्रेक दाबला आणि पेडल नेहमीपेक्षा दोन बोटं खाली गेलं. गाडी थांबत होती, पण पायाखाली काहीतरी मऊ आलं होतं, ओल्या स्पंजावर पाय दिल्यासारखं. पुढचा लॅप सावकाश फिरवून पिटमध्ये (ट्रॅकशेजारी गाड्या थांबायची जागा) आलो. पुढच्या चाकांतून जळक्या रबरासारखा वास. ब्रेक फ्लुइड उकळलं होतं. डॉट ४ नवं असताना त्याचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश असतो. ते हवेतलं पाणी शोषतं आणि पाणी मुरलेल्या फ्लुइडसाठी हीच मर्यादा १५५ वर येते. माझं दोन वर्षांचं जुनं होतं. माझ्या खेळातल्या पोलोचे ब्रेक तापतच नाहीत, त्यामुळे २४० लॅपमध्ये हा विचार मनाला शिवला नव्हता.

तिसरं सेशन जपून. दिवसभरात ११ मोजलेले लॅप, सर्वोत्तम २:३८.४, तो दुसऱ्या सेशनच्या तिसऱ्या फेरीत. टायर गरम असताना ३९ पीएसआय.

२०१३ च्या ऑक्टोबरमध्ये मी याच ट्रॅकच्या स्टँडमध्ये बसलो होतो. व्ही८ इंजिनांचा आवाज छातीत वाजायचा, कानात बोळे असूनही. आज त्या स्टँडसमोरून स्वतः गेलो तेव्हा ते रिकामं होतं आणि मला खिडकीतून फक्त माझ्या टायरांचा आवाज येत होता. फार बरं वाटलं.

१७ फेब्रुवारी, सोमवार

पहाटे साडेपाचच्या सुमारास दिल्लीच्या भूकंपाने सगळी इमारत जागी झाली. सगळे खाली उतरलो, कुणाला काही झालं नाही. परत झोप येईना म्हणून लॉगर उघडला.

२:३८.४ वजा २:२९.८. फरक ८.६ सेकंद.

पद्धत ठरवली. सरळ रस्त्यावर फुल थ्रॉटल असताना माझ्या कौशल्याला काही काम नसतं, तिथला फरक गाडीचा. वळणाच्या मध्यावर गाडी जास्तीत जास्त किती बाजूचा जोर धरते, तो फरक टायर आणि डांबराचा. एवढं खेळात खऱ्यासारखं करून घेतलं की जे उरेल ते माझं.

२३ फेब्रुवारी, रविवार

लांब पट्टीतले ४० मीटर : १.० सेकंद. हे ८ तारखेलाच कळलं होतं.

वजन : स्टेपनी, अर्धी टाकी, हेल्मेट. खेळात तेवढं भरलं : ०.७ सेकंद.

इंजिन : वजन सारखं केल्यावरही ताशी ९० ते १४० जायला खेळात १०.४ सेकंद, ट्रॅकवर ११.१. लागोपाठ लॅप मारल्यावर टर्बोच्या इंजिनात गरम हवा जाते आणि ते ताकद आवरतं. पहिल्या लॅपला हा फरक जवळजवळ नाही, तिसऱ्याला पूर्ण आहे. खेळातला टॉर्कचा तक्ता तेवढा खाली आणला : १.२ सेकंद.

१ मार्च, शनिवार

टायर. यावर आठवडा गेला.

असेटो कोर्सामध्ये ट्रॅकची ग्रिप टक्क्यांत निवडता येते, ऑप्टिमम १०० पासून डस्टी ८६ पर्यंत. मोह असा होतो की टक्का खाली ओढत जायचा आणि लॅप टाइम जुळला की थांबायचं. तसं केलं तर जुळेल, पण चुकीच्या कारणाने जुळेल, कारण ब्रेकिंगमधली माझी भीती सुद्धा टायरच्या नावावर लागेल. म्हणून फक्त वळणाच्या मध्यावरचे आकडे घेतले, जिथे गाडी स्थिर आहे आणि टायर ओरडतायत. खेळात सरासरी १.०२ जी (एक जी म्हणजे गुरुत्वाकर्षणाएवढा जोर), ट्रॅकवर ०.९३. म्हणजे ग्रिप ९१ टक्के. वळणातला वेग ग्रिपच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलतो, म्हणजे वेग साडेचार टक्क्यांनी कमी. लॅपमधली पन्नासेक सेकंदं अशा वळणांत जातात. हिशेबाने सव्वादोन सेकंद, खेळात चालवून पाहिलं तर २.२.

कागदावरचं गणित आणि पेडलवरचा पाय एकमेकांशी जुळले तेव्हा खुर्चीतून उठून स्वयंपाकघरात बायकोला सांगायला गेलो. तिने कढईवरून नजर न काढता विचारलं, "मग उरले किती?"

८.६ मधून १.०, ०.७, १.२ आणि २.२ गेले. उरले ३.५. खेळातला सुधारलेला वेळ आता २:३४.९.

९ मार्च, रविवार

३.५ सेकंदांची जागावार वाटणी : पहिलं वळण ०.४, तिसरं ०.३, चौथं ०.६, दहावं-अकरावं मिळून ०.९. बाकी १.३ सगळीकडे चिमूट चिमूट.

चौथ्या वळणाचा आलेख मी छापून भिंतीवर लावलाय. खेळात १६५ च्या वेगाने येऊन वळणाआधी शंभर मीटरवर ब्रेक, ०.९ जी, ६५ ला वळण. ट्रॅकवर १९० मीटर आधी थ्रॉटल सुटलाय. मग ०.८ सेकंद काहीच नाही. थ्रॉटल शून्य, ब्रेक शून्य. छत्तीस मीटर माझा पाय दोन पेडलांच्या मधे हवेत होता. त्यानंतर ब्रेक, तोही हळूहळू वाढत गेलेला, सरासरी ०.५६ जी. गाडी याहून कितीतरी जोरात थांबू शकत होती, त्याच सेशनमध्ये एकदा ०.८ ला गेली आहे. आणि हे ब्रेक मऊ पडायच्या आधीच्या लॅपमधलं आहे, त्यामुळे फ्लुइडकडे बोट दाखवता येत नाही. भीती म्हणतात ती कुठे राहते ते मला आता मीटरमध्ये सांगता येतं.

भाच्याला आलेख पाठवला. त्याचं उत्तर : "मामा, तू लय लवकर पाय उचलतोयस की." हो. मग त्याने विचारलं की तो स्वतः खऱ्या गाडीत बसला तर काय होईल. त्याला यान मार्डनबरोबद्दल सांगितलं. २०११ मध्ये ग्रान तुरिस्मो खेळणाऱ्यांच्या जीटी अकादमी स्पर्धेतून निवडला गेला आणि २०१३ मध्ये ल मांच्या २४ तासांच्या शर्यतीत एलएमपी२ या गाड्यांच्या वर्गात तिसऱ्या क्रमांकावर आला. खेळातून आलेला पोरगा, खरा ड्रायव्हर. त्याच मार्डनबरोची गाडी मार्च २०१५ मध्ये नॉर्डश्लाइफेच्या फ्लुगप्लाट्झ चढावर नाकाने हवेत उचलली गेली, कुंपणापलीकडे पडली आणि एका प्रेक्षकाचा जीव गेला. त्या जागेवरून खेळात माझ्या गाडीची चाकं शेकडो वेळा सुटली असतील. भाचा बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "पहिल्यांदा कार्टिंग करतो." मला हे उत्तर फार आवडलं. कोल्हापुरात त्याची सोय आहेच.

१६ मार्च, रविवार

उरलेल्या चिमटींबद्दल एक शंका होती. मी २४० लॅपमधला सर्वोत्तम लॅप ११ लॅपमधल्या सर्वोत्तमशी लावतोय, आणि ही बरोबरीची झुंज नाही. म्हणून आठवडाभर खेळाला हात लावला नाही. आज सकाळी सुधारलेल्या गाडीने फक्त ११ लॅप मारले, ट्रॅक डेसारखे तीन सेशनमध्ये, मधे तासाभराची सुट्टी, रिस्टार्ट नाही. सातव्या लॅपला धुळीत गेलो, तो तसाच पूर्ण केला.

सर्वोत्तम २:३६.३. म्हणजे १.४ सेकंद निव्वळ प्रयत्नांच्या संख्येचे. विखुरलेले १.३ जवळपास तिथेच गेले. तीन ब्रेकिंगच्या जागा आणि दहा-अकरा, एवढंच माझ्या नावावर राहिलं.

दहा-अकराचं दुखणं वेगळं आहे. तो लांबलचक उजवा वळसा बाहेरच्या बाजूने उचललेला आहे, त्या उतारामुळे टायर जास्त धरतात. खेळात मी एका व्हीलच्या कोनात सगळा वळसा काढतो. ट्रॅकवरच्या नोंदीत स्टिअरिंगच्या पाच दुरुस्त्या दिसतात. शरीर डावीकडे ढकललं जात होतं, गुडघा मधल्या कन्सोलला टेकवून मी तोल धरत होतो आणि तोच तोल हातांतून स्टिअरिंगमध्ये उतरत होता. घरची खुर्ची हलत नाही. साध्या सीटबेल्टवर हे ०.९ पूर्ण मिळणार नाहीत. पट्टा ओढून लॉक करणं आणि सीट एक खाच पुढे घेणं, एवढं करता येईल.

३० मार्च, रविवार. गुढीपाडवा

सकाळी गुढी उभारली, आणि मुहूर्ताची खरेदी म्हणून पुढचे नवे ब्रेक पॅड आणि फ्लुइड आणलं होतं ते दुपारी खाली पार्किंगमध्ये घातलं. ब्लीड करताना बायको पेडलवर, मी चाकाशी. "दाब... धर... सोड." जुनं फ्लुइड पारदर्शक नळीतून आलं ते कोऱ्या चहाच्या रंगाचं, त्यात बारीक बुडबुडे. चारही चाकांतून स्वच्छ पिवळं येईपर्यंत काढलं. आता पेडल वरच्या वर कडक आहे.

खेळातही बदल केला. रिस्टार्टचं बटण काढून टाकलं, आणि चौथ्या वळणाला रोज दहा वेळा फक्त एकच सराव : थ्रॉटलवरून ब्रेकवर, मधे हवेत न थांबता. १९० वरून एकदम १०० वर येणार नाही. पुढच्या वेळी १६० मीटर.

६ एप्रिलच्या ट्रॅक डेला नाव घातलंय. दुसऱ्या सेशनला भाचा पिटवॉलवर असेल, रेल्वेचं तिकीट काढलंय त्याने.